तिसरी ओळ

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पंधरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. ‘मशीनमध्ये काहीतरी आहे हो, आपोआप बंद पडतं’ असं सांगत येणाऱ्या शंभरांपैकी नव्वद जणांच्या पंख्यात धूळ असते, नऊ जणांची वायर सैल असते, आणि एकाने आत चहा सांडलेला असतो, पण तो मरेपर्यंत कबूल करत नाही. या हिशेबात भुताला जागाच उरत नाही. तरीही एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. बसा. तो दिवा जरा इकडे सरकवा. अंधारात सांगायला मला आवडत नाही, एवढं मात्र खरं.

मागच्या गल्लीत एक काकू राहायच्या. त्यांच्या यजमानांना सगळी गल्ली स्टेशनमास्तर म्हणायची. रेल्वेत त्यांनी कधी नोकरी केली नाही. पाणीपुरवठ्यात पंप चालवायचे. पण घराच्या वरच्या खोलीत वीस वर्षं खपून त्यांनी एक छोटी रेल्वे उभी केली होती. खेळण्यातली म्हटलेलं त्यांना खपत नसे. दोन स्टेशनं, एक बोगदा, तीन डझन घरं, पाण्याची टाकी, आणि चार इंजिनं. संध्याकाळी घराघरांत दिवे लागलेले दिसावेत म्हणून त्यांनी खोलीच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवला होता. त्या खोलीत भर दुपारीही दिवस मावळलेलाच असायचा.

ही सगळी रेल्वे एका जुन्या कॉम्प्युटरवर चालायची, आणि त्या कॉम्प्युटरवर दोन बिऱ्हाडं होती. म्हणजे एकाच डिस्कचे दोन भाग करून दोन वेगळ्या सिस्टीम टाकलेल्या. एक नेहमीची, सगळे वापरतात ती. ती काकूंची. तिच्यात त्यांचे फोटो, विजेची बिलं, बहिणीशी व्हिडिओवर चालणाऱ्या तासतासभर गप्पा. दुसरी लिनक्स, ती काकांची. तिच्यात त्यांनी स्वतः लिहिलेला रेल्वेचा प्रोग्रॅम. मशीन चालू केलं की आधी एक मेनू यायचा आणि कुठली सिस्टीम हवी ते विचारायचा. काकांनी त्या मेनूत दोनच ओळी ठेवल्या होत्या. वरची ‘तू’, खालची ‘मी’. त्यावरून दोघांची पहिली दोन वर्षं भांडणं झाली. काकूंचं म्हणणं, मी बसले खुर्चीवर तर मी ‘तू’ कशी? काका म्हणायचे, मशीन माझं आहे, तेव्हा बोलणारा मी. शेवटी काकूंनी नाद सोडला आणि रोज सकाळी मुकाट्याने ‘तू’ दाबू लागल्या.

असे मेनू साधारण दहा सेकंद थांबतात आणि मग आपलं आपण काहीतरी निवडतात. काकांनी तेही काढून टाकलं होतं. कुणीतरी सांगेपर्यंत मेनू थांबणार. घाई कसली, म्हणायचे.

वर्षभरापूर्वी काका गेले. झोपेत, काही न बोलता. त्यानंतर काकू रोज सकाळी मशीन चालू करायच्या आणि ती ‘मी’ ओळ समोर उभी राहायची. उत्तर मिळेपर्यंत हलायची नाही. पंधरा दिवस त्यांनी ते सोसलं आणि मग जावयाला सांगितलं, ते विचारणं तेवढं बंद करा, मला बघवत नाही.

जावई माणूस सोन्यासारखा, पण ज्ञान अर्धं आणि उत्साह दुप्पट. मेनू लपवला असता तरी भागलं असतं. त्यांनी मेनूच पुसला, आणि त्याच्याबरोबर लिनक्स सुरू होण्याची वाटही पुसली. मशीन आता थेट काकूंच्या बाजूला उघडायचं. सगळ्यांना बरं वाटलं. वरची रेल्वे तशीही बंदच होती.

घोडं अडलं ते काका गेल्यावर आठ महिन्यांनी. काकूंना ते घर सोडून लेकीच्या घराजवळच्या लहान घरात जायचं होतं, आणि त्या घरात रेल्वे मावणारी खोली नव्हती. लेक म्हणाली, मोडून टाकू. काकू म्हणाल्या, त्यापेक्षा मला मोडा. मग कुणीतरी मुलांच्या हॉस्पिटलचं नाव सुचवलं. तिथे बारा खाटांचा एक वॉर्ड आहे, महिनोन् महिने राहणारी पोरं असतात. हॉस्पिटल तयार झालं, पण एका अटीवर. गाडी चालताना बघणार, तरच नेणार. बंद वस्तू घेऊन करायचं काय? हॉस्पिटलचा इलेक्ट्रिशियन शनिवारी पाच वाजता बघायला येणार होता. चालली नाही तर त्या जागेत माशांची टाकी बसायची होती, तिची बोलणी झालेली होती.

म्हणून शनिवारी सकाळी काकूंचा फोन आला. जेवून एकला मी त्यांच्याकडे पोचलो. जावई दारातच अपराधी चेहऱ्याने उभे होते. म्हणाले, हात दाखवून अवलक्षण करून घेतलंय, तुम्हीच निस्तरा. मी म्हटलं, चहा पाठवा आणि वर येऊ नका.

वरच्या खोलीचं दार उघडलं तसा आधी वास आला. मशीनच्या तेलाचा, जुन्या लाकडाचा, आणि तापलेल्या धुळीचा. तापलेली धूळ कशी, हे तेव्हा मनात आलं नाही. आठ महिने त्या खोलीत काही चाललं नव्हतं. दिवा लावला. चाळीस वॉटचा पिवळा बल्ब, त्याचा उजेड टेबलाच्या पलीकडे जायला तयार नव्हता. पलीकडे ते छोटं गाव काळोखात बसून होतं.

काम सरळ होतं. पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि काकांच्या भागात डोकावलो. सगळ्या फाइली जागच्या जागी. घर शाबूत होतं, फक्त दार भिंतीत चिणलेलं. मेनूचीही काकांनी जपून ठेवलेली एक प्रत सापडली, ‘तू’ आणि ‘मी’सकट. मी शीळ घालत कामाला लागलो.

तेवढ्यात टक् असा आवाज झाला.

रुळांचे सांधे बदलायला आणि दिवे लावायला काकांनी टेबलाखाली विजेचे छोटे खटके बसवले होते, रिले म्हणतात त्यांना. त्यातला एक वाजला होता. मी वाकून बघितलं. रुळांना वीज पुरवणारा डबा बंद होता. त्याचा प्लगच भिंतीवरून काढलेला होता. लाकूड उन्हाने वाजतं, असं मी स्वतःला सांगितलं. खिडकीला काळा कागद होता, पण सांगितलं.

तीनच्या सुमारास मेनू परत आला. काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या ओळी. त्याच वेळी काकू चहा घेऊन वर आल्या होत्या. कप हातात धरून त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता रडतील. पण त्या हसल्या आणि म्हणाल्या, “बसलेत बघा, वाट बघत.”

मी ‘मी’ दाबलं. लिनक्स उघडली, रेल्वेचा प्रोग्रॅम उघडला, आणि त्याने पासवर्ड विचारला. सिस्टीमचा पासवर्ड मी बदलू शकतो, त्याचं काही नाही. हे कुलूप मात्र काकांनी स्वतः बनवलेलं होतं, आणि ते तोडायला मला दोन दिवस तरी लागले असते. काकूंनी खुर्ची ओढली. मोठ्या आत्मविश्वासाने त्यांनी स्वतःची जन्मतारीख घातली. चूक. लग्नाची तारीख घातली. चूक. मग जरा आवाज पाडून लेकीचं नाव घालायला सांगितलं. तेही चूक. पडद्यावर काकांच्या भाषेत उत्तर आलं, “तीनदा चुकलात. उद्या या. हुकमावरून, स्टेशनमास्तर.”

“सदतीस वर्षं संसार केला,” काकू म्हणाल्या, “आणि माझा वाढदिवससुद्धा चालत नाही या माणसाला.” रागाने म्हणाल्या, आणि मग इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मलाही हसू आवरेना. खालून जावयांनी विचारलं, झालं का? मी नाही म्हणालो तेव्हा मात्र काकूंचं हसू मावळलं. पावणेचार वाजले होते. त्यांनी टाकीजवळचं एक कलंडलेलं घर बोटाने सरळ केलं आणि खाली गेल्या.

कुलूप कदाचित विसरेल, या वेड्या आशेने मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

मेनू आला. तीन ओळी होत्या.

‘तू’. ‘मी’. ‘आपण’.

मी आधी डोळे चोळले. मग डोकं चालवलं. काकांनी कुठेतरी तिसरी ओळ दडवून ठेवली असणार, आणि माझ्या हातून ती उघडी पडली असणार. पेनड्राइव्ह लावून मेनूची फाइल उघडली. दोन ओळी. डिस्क तपासली. दोन भाग, त्यांच्यामध्ये एक केसभरही मोकळी जागा नाही. मशीन पुन्हा चालू केलं. तीन ओळी. पुन्हा फाइल बघितली. दोनच.

खोलीतला पंखा बंद होता. माझ्या मानेवर घाम आला होता आणि तो गार लागत होता. टेबलाखाली एक टक्… जरा थांबून दुसरा… जणू कुणी एकेक खटका हाताने चाचपून बघत होतं. मी मुद्दाम मोठ्याने खाकरलो. आवाज थांबला. तो थांबला, हे मला अधिकच नकोसं वाटलं.

एकच उत्तर उरलं होतं. मशीनच्या पेटीत दुसरी डिस्क असणार. मशीन बंद केलं, स्क्रू काढले, झाकण उघडलं. डिस्क एकच होती. तीच जुनी. तिच्यामागे काही चिकटवलंय का बघावं म्हणून मी ती सोडवून बाहेर काढली आणि बल्बखाली धरली.

तेवढ्यात खाली घंटी वाजली. इलेक्ट्रिशियन वीस मिनिटं आधीच आला होता. जिन्यावर पावलं वाजली, आणि मी झाकण बसवतो न बसवतो तोच सगळी वरात आत आली. पुढे काकू, मागे इलेक्ट्रिशियन, त्याच्या मागे जावई. जावयांनी आल्याआल्या रुळांचा प्लग भिंतीत खोचला. आपल्या परीने मदत करायची त्यांची धडपड चालूच होती. काकू थेट मशीनपाशी आल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

“काकू, थांबा…” मी म्हणालो.

पडदा उजळला. तीन ओळी. काकू वाकून वाचू लागल्या. तिसऱ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“ही कधीची?”

“ही नाहीये, काकू. म्हणजे… दिसतेय, पण असं काही मशीनमध्ये नाहीये.”

“मग नसलेलं दाबून बघायला काय जातंय?” त्या म्हणाल्या, आणि दाबलं.

पडदा काळा झाला. काहीच उघडलं नाही. मी मनातल्या मनात माशांच्या टाकीचं अभिनंदन केलं. आणि मग टेबलाखाली टक्, टक्, टक्, असे खटके एका ओळीत पडत गेले आणि गावात दिवे लागू लागले. आधी स्टेशन. मग पाण्याची टाकी. मग एकेक घर, सावकाश, कुणी दारोदार जाऊन दिवा लावत असल्यासारखं. बोगद्याच्या आत शिट्टी झाली. लाल इंजिन सहा डबे घेऊन बाहेर आलं, वळणावर वेग कमी केला, स्टेशनात थांबलं, आणि पलीकडून येणाऱ्या हिरव्या गाडीला वाट देऊन निघून गेलं.

पुढची चाळीस मिनिटं त्या खोलीत जो आनंद होता तसा मी फारसा बघितलेला नाही. इलेक्ट्रिशियन, पन्नाशीचा भारदस्त माणूस, गुडघ्यांवर बसून बोगद्यात डोकावत होता. जावई टाळ्या वाजवत होते. लेक पोळपाट-लाटणं टाकून पिठाच्या हातांनी वर आली आणि आईच्या गळ्यात पडली. काकू प्रत्येक गाडीचं नाव सांगत होत्या, इतक्या जोरात की शेजारचेही जिन्यात जमले. चारही इंजिनं एकाच वेळी चालत होती आणि एकही दुसऱ्याला अडवत नव्हतं. काकांच्या हयातीत दोनपेक्षा जास्त कधी चालली नव्हती, हे मला जावयांनी नंतर सांगितलं.

मी मात्र भिंतीला टेकून उभा होतो. कारण एवढ्यात मला हातातलं वजन जाणवलं होतं. डिस्क माझ्या हातात होती. मेनू तिच्यावर. प्रोग्रॅम तिच्यावर. पेनड्राइव्ह माझ्या खिशात. त्या मशीनच्या आत त्या क्षणी आठवण ठेवणारी एकही वस्तू नव्हती. माझ्या हाताला ती गरम लागत होती, चालू मशीनमधून काढल्यावर लागते तशी.

काकूंनी मागे वळून बघितलं. आधी माझ्या चेहऱ्याकडे, मग हाताकडे. काय आहे ते त्यांना कळलं, याची मला खात्री आहे. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “खिशात ठेवा ती. पडेल.”

इलेक्ट्रिशियनने त्याच दिवशी कागदावर सही केली. सगळे खाली गेल्यावर मी डिस्क परत बसवली. काकूंची बाजू त्यांच्या नव्या लॅपटॉपवर उतरवून दिली, आणि मशीन रेल्वेबरोबर हॉस्पिटलला गेलं. इलेक्ट्रिशियनने फोनवर विचारलं, चालू करताना काय दाबायचं? मी एवढंच म्हणालो, तिसरी ओळ दाबा, आणि पडदा काळा राहिला तर घाबरू नका.

त्या माणसाने मोठ्या प्रेमाने काम केलं. वॉर्डच्या भिंतीला खाटांच्या उंचीची फळी फिरवली आणि रूळ वाढवून सगळीकडे नेले. आता गाडी बाराही खाटांजवळून जाते. पोरं औषध घेताना रडायची थांबली, असं सिस्टर सांगते. आणि दुसऱ्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी लाल गाडी आपणहून एका कुठल्यातरी खाटेसमोर थांबते. स्टेशन नाही, सिग्नल नाही. अर्धा मिनिट थांबते, शिट्टी देते, निघते. आणि ज्या मुलासमोर थांबते, ते दुसऱ्या दिवशी घरी जातं. चांगलं होऊन, आपल्या पायांनी. डॉक्टरांनी आशा सोडलेली एक मुलगीसुद्धा अशीच गेली, दाराशी उड्या मारत. तीन महिन्यांत एकदाही चुकलेलं नाही. पोरं संध्याकाळ झाली की श्वास रोखून बसतात. मोठे डॉक्टर योगायोग म्हणतात, पण राउंडला निघण्याआधी काल गाडी कुठे थांबली ते विचारतात, असं सिस्टरने हसत हसत सांगितलं.

हे सगळं मला कळायचं ते काकूंकडून. त्या दर रविवारी वॉर्डात जातात. सहा आणि सात नंबरच्या खाटांच्या मध्ये एक स्टूल आहे, त्यावर बसून पोरांना गाड्यांची नावं शिकवतात. या तीन महिन्यांत त्या दहा वर्षांनी लहान झाल्या, असं त्यांची लेकच म्हणते. मलाही त्यांचा फोन आला की दिवस बरा जायचा.

आज सोमवार. तुम्ही दारात आलात त्याच्या जरा आधी त्यांचाच फोन होता. खरं सांगू, मी चपला घालूनच उभा होतो आणि तरीही निघत नव्हतो. म्हणून तुम्हाला बसवून घेतलं. त्यांच्या नव्या घरी जायचंय, आणि एकट्याने जायचा धीर होत नाही. चला बरोबर. पण आधी त्या काय म्हणाल्या ते ऐका.

आवाज नेहमीसारखा होता. उलट जास्तच आनंदी. म्हणाल्या, “काल गाडी माझ्यासमोर थांबली.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“दोन्ही खाटांच्या मध्ये, बरोबर माझ्यापुढे. पोरांनी काय टाळ्या वाजवल्या! आजी उद्या घरी, आजी उद्या घरी…”

“काकू,” मी म्हणालो, “तुम्ही तर घरीच आहात की.”

त्यावर त्या हसल्या. लहान मुलाने वेडा प्रश्न विचारल्यावर हसतो तसं, मायेने. मग म्हणाल्या, एक विचारायचं होतं. लॅपटॉप बरेच दिवस बंद राहणार असेल तर बॅटरी किती ठेवावी? मी सवयीने सांगून गेलो, निम्मी ठेवा. मग भानावर येऊन विचारलं, बरेच म्हणजे किती दिवस? कुठे निघालात?

 फोन तोंडापासून बाजूला झाला असावा, कारण पुढचं जरा लांबून ऐकू आलं. आणि ते मला उद्देशून नव्हतं.

“अहो, झालंच माझं. आले.”

मग फोन ठेवला गेला.